सोडून द्यायचा आवाज

मी एक जुनी टोपी आहे, मित्रांनो, पण ऊन-पावसाशी माझा संबंध नाही. माझ्या कापडात बत्तीस बटणं शिवलेली आहेत आणि प्रत्येकाला एक वायर आहे. आवाज कानावर पडला की मेंदूत विजेची बारीकशी लहर उठते. ती टिपायची आणि संगणकाला कळवायची, हे माझं काम. मनातलं मला कळत नाही, उगाच फुशारकी कशाला मारू?

नवी होते तेव्हा माझा काय तोरा होता! विद्यार्थ्यांची डोकी रांगेने यायची. दोन कानांत दोन आवाज सोडायचे. एक ऐकायचा, दुसऱ्याकडे कानाडोळा करायचा. तरुण मेंदूत पहिल्याची लहर ठसठशीत उठे, दुसऱ्याची मलूल. म्हाताऱ्या डोक्यांत मात्र दोन्ही उंच! मला वाटलं, माझंच बटण बिघडलं. पण तसं नव्हतं. नको तो आवाज बाहेर ठेवणं त्या मेंदूंना जमेनासं झालं होतं.

एकदा गॅरेजवाले आजोबा आले. इंजिनाच्या घरघरीतून सैल नट ओळखणारा माणूस! पण घरी जेवताना टीव्ही, मिक्सर आणि चौघांच्या गलक्यात नातीचं बोलणं त्यांच्या हाती लागेना. ‘आजोबा ऐकतच नाहीत,’ म्हणून तिने त्यांना काही सांगणंच सोडलं होतं. तीच नात सोबत आली होती, गाल फुगवून.

नेमकी त्या दिवशी संशोधक बाईंना सोडून द्यायच्या, म्हणजे कानाडोळा करायच्या, आवाजाची फाइल सापडेना. तो आवाज परक्याचाच हवा, असा नियम. तरी घाईत त्यांनी नातीकडून तिच्या वहीतला सहलीचा निबंध वाचून घेऊन रेकॉर्ड केला आणि आजोबांच्या डाव्या कानात सोडला. “एवढ्याने काय बिघडतंय?” म्हणाल्या.

बिघडलंच. उजव्या कानात जो माणूस बोलत होता, त्याच्या बोलण्याबद्दल विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आजोबांना येईना.

“आजोबा, डावीकडचा आवाज सोडून द्यायचा होता ना!”

“कळतंय हो, बाई. पण तो कसा सोडू? किती महिन्यांनी ही एवढं बोलली! हिची चप्पल तळ्यात पडली, मला पत्ताच नव्हता.”

नात दारातच उभी होती. ती आत आली, स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

“मग मैत्रिणीने मला तिची एक चप्पल दिली. ते मी लिहिलं नाही.”

“म्हणजे दोघी एकेका चपलेत?”

“हो! लंगडत!”

दोघं पोट धरून हसली. मी अजून डोक्यावरच होते. खोलीत एकच आवाज होता, आणि त्याची लहर किती स्वच्छ उठत होती!

बाईंनी ती मोजणी रद्द केली. आता बिनवायरच्या टोप्या आल्या आहेत, मी खुंटीवर असते. आजोबांचं ते टक्कल पुन्हा एकदा माझ्याखाली यावं, असं फार वाटतं. नात घरीही तशी समोर बसते का, मला कोण सांगणार?

मित्रांनो, तुमच्या घरी असं कुणी असेल, तर टीव्ही बंद करा, समोर बसा, एकेकाने बोला. त्यांनी “काय म्हणालीस?” विचारलं, तर “काही नाही, जाऊ दे,” म्हणू नका. त्यांच्या कानांत सगळं जग शिरतं. फक्त तुम्हीच बाहेर राहून जाता.