त्रेसष्टातलं एक राहिलं

विद्वान माणसं सूचनाफलक वाचत नाहीत, हे मी या संस्थेचं स्वयंपाकघर सांभाळता सांभाळता एकवीस वर्षांत पुरतं ओळखलंय. फ्रीज मात्र सगळे उघडतात. म्हणून आमचा ग्रंथपाल गाब्रिएल वारला त्या आठवड्यात मी त्रेसष्ट ओळींची यादी फलकावर न लावता माझ्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर चिकटवली, आणि शेजारी दोरीने पेन्सिल बांधली. नाहीतर प्रत्येक जण म्हणाला असता, ‘मार्सेल, खूण करायची होती गं, पण पेन्सिल नव्हती.’

आम्हा ज्यू लोकांत माणूस गेलं की तीस दिवसांत त्याच्या नावाने आमची जुनी पोथी अख्खी वाचून काढतात. प्रकरणं त्रेसष्ट. एकट्याच्याने होणं शक्य नाही, म्हणून ओळखीपाळखीचे लोक वाटून घेतात. तिसाव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत सगळं झालं पाहिजे. मग घरचं माणूस उभं राहून कद्दिश म्हणतं, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना. गाब्रिएलच्या घरचं माणूस म्हणजे त्याचा बाप. चौऱ्याऐंशी वर्षांचा. बायको आधीच गेलेली, दुसरं मूल नाही.

आणि या म्हाताऱ्याने अकरा वर्षांत आमच्या संस्थेची पायरी चढली नव्हती.

त्याचंही एका अर्थी बरोबर होतं. यरुशलेममध्ये शिकायच्या जागा गल्लोगल्ली आहेत, पण आमच्यासारखी जत्रा नाही. दाढीवाले रब्बी, म्हणजे धर्मगुरू आहेत, डोक्यावर धर्माची टोपी घालून शिकवणाऱ्या बायका आहेत, देव मानत नाही असं छाती काढून सांगणारे प्राध्यापक आहेत. सगळे एका टेबलाशी बसतात, एकच पान उघडतात आणि दिवसभर भांडतात. याला संशोधन म्हणतात. देशभरातून शाळामास्तर शिकायला येतात, तेही जाताना भांडायला शिकून जातात. गाब्रिएल इथे ग्रंथपाल झाला तेव्हा बाप म्हणाला होता, “जिथे बायका पोथी शिकवतात आणि उघड्या डोक्याची माणसं ऐकतात, तिथे मी येणार नाही. तू जा.” दर शुक्रवारी बापलेक एकत्र जेवायचे, पण कामाबद्दल अवाक्षर नाही. अकरा वर्षं!

मातीच्या दिवशी मीच म्हाताऱ्याला म्हटलं की आम्ही गाब्रिएलसाठी अख्खी पोथी वाचतोय, तुम्ही कद्दिश म्हणायला या. त्याने कोटावरची माती झटकली. मग म्हणाला, “एक अट. खरोखर वाचा. एकही प्रकरण राहता कामा नये. माझ्या पोराच्या नावावर खोटं नको.” मी शब्द दिला. माझी जीभ आधी धावते आणि डोकं मागून येतं, हे आमच्या आईपासूनचं आहे.

बाकी बासष्ट प्रकरणांच्या मागे लागून लागून मी ती पुरी करून घेतली. एका प्राध्यापकाची तर कॉफी बंद केली होती, तेव्हा कुठे त्याने खूण केली. राहिलं ते एकच: कबुतरांचं. देवळात वाहायच्या कबुतरांच्या जोड्या एकमेकींत मिसळल्या, तर कोणतं कोणाचं धरायचं, याचा तो सगळा किचकट हिशेब. तीनच अध्याय, पण भल्याभल्यांना घाम फुटतो. ते घेतलं होतं तिर्झा आणि रब्बी एल्याकीम या दोघांनी. पंधरा वर्षांची त्यांची जोडी. आमच्याकडे शिकणं जोडीनेच होतं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने अडवायचं, आणि दोघांचं पटल्याशिवाय पान उलटायचं नाही. रोज सकाळी त्यांचा आरडाओरडा माझ्या भांड्यांपर्यंत ऐकू यायचा. मी खूश! म्हटलं, काय जोरात चाललंय. विचारलं की दोघं एका सुरात सांगायचे, “चालू आहे, चालू आहे.”

तिसाव्या दिवशी दुपारी दीड वाजता मी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले.

“झालं ना? पेन्सिल वाट बघतेय.”

तिर्झाने चष्मा काढला. “मार्सेल, थोडं राहिलंय.”

“थोडं म्हणजे किती?”

रब्बी एल्याकीमने दाढीत बोटं घातली. तो असं करतो तेव्हा समजायचं, बातमी वाईट आहे. “पहिल्या अध्यायातली दुसरी ओळ चाललीय,” तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “दुसरी ओळ? अहो, सव्वीस दिवस झाले! तेवढ्यात बाई एक अख्खा स्वेटर विणून परत उसवते!”

“ही चुकीचा अर्थ लावते,” एल्याकीम म्हणाला.

“मी? तू तर गणितच चुकवतोस!” तिर्झा म्हणाली.

“गप्प बसा!” मी ओरडले. “पावणेपाचला सूर्य मावळणार. चारला लोक येतील. म्हातारा येईल. मी काय सांगू त्याला?”

एल्याकीम म्हणाला, “मी भराभर तोंडाने म्हणून टाकतो.” तिर्झा म्हणाली, “त्याला वाचणं म्हणत नाहीत, आणि नावं आपण दोघांनी दिलीत.” झालं, पुन्हा जुंपली.

मी स्वयंपाकघरात आले. आणि मग जे केलं, ते सांगताना अजून कान तापतात. मी दोरीची पेन्सिल घेतली आणि कबुतरांच्या ओळीपुढे खूण करून टाकली. म्हटलं, कोणाला कळणार आहे? म्हाताऱ्याचं मन राहील, कद्दिश होईल, देव काही फ्रीज बघायला येत नाही.

पाचच मिनिटांत मागच्या दारावर टकटक झाली. अजून दोन वाजायचे होते. म्हातारा दारात उभा, हातात बाब्यांचा, म्हणजे खजूर भरलेल्या बिस्किटांचा डबा, अंगात इस्त्रीचा कोट. दोन बस बदलून आला होता.

“या, अबू गाब्री,” मी सवयीने म्हणून गेले आणि जीभ चावली. आम्ही बगदादकडची माणसं. आमच्यात बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात; अबू गाब्री म्हणजे गाब्रिएलचा बाप. आता मुलगाच नाही.

त्याने डबा टेबलावर ठेवला. “म्हण पोरी, म्हण. मला दुसरं नावच नाही.”

त्याचा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून त्याला बसवलं, चहा दिला. तो घेईना. त्याचं लक्ष फ्रीजकडे गेलं. उठला, यादीसमोर उभा राहिला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागला. नाव, प्रकरण, खूण. नाव, प्रकरण, खूण. त्रेसष्टच्या त्रेसष्ट ओळी वाचल्या त्याने. मी भांडी विसळण्याचं नाटक करत होते. हातातली कपबशी तीन वेळा धुतली.

“सगळं?” तो म्हणाला.

“हं.”

“मला वाटलं नव्हतं.” तो वळला, आणि त्याचे डोळे भरले होते. “खरं सांगतो मार्सेल, मला वाटलं होतं ही माणसं तोंडदेखलं करतील. गाब्रीवर इतकी माया होती इथे? मग मी काय बघितलं अकरा वर्षं?”

आता सांगा, माणसाने काय करावं? त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मी पचवल्या असत्या. पण हे? मी नळ बंद केला.

“अबू गाब्री, शेवटची खूण मी केलीय,” मी म्हटलं. “ते प्रकरण झालेलं नाही.”

त्याने पुन्हा एकदा यादीकडे बघितलं. मग खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला. “वाटलंच होतं मला.”

“ऐकून तर घ्या—”

“काय ऐकू? माझ्या पोराच्या नावावर खोटं नको, एवढंच मागितलं होतं. एवढंच! हेच घर त्याला माझ्यापेक्षा जवळचं वाटलं.” एका बाहीत हात घातला, दुसरी सापडेना.

मी दार अडवून उभी राहिले. माझी रुंदी बघता मी दारात उभी राहिले की जाता येत नाही. “शिव्या मला द्या,” मी म्हटलं. “खोटं मी केलं. त्या दोघांनी काम टाकलेलं नाही. ते अडकलेत. एका ओळीवर भांडतायत, सव्वीस दिवस.”

तो थांबला. “किती दिवस?”

“सव्वीस.”

“एका ओळीवर?”

“रोज. मला इथपर्यंत ऐकू येतं.”

म्हाताऱ्याने कोटाच्या बाहीतून हात काढला. “कुठे आहेत ती येडी?” तो म्हणाला. “दाखव मला.”

खोलीत शिरताना तो उंबऱ्याशी जरा अडखळला. तिर्झाला बघितलं, तिच्या डोक्यावरची टोपी बघितली, मग एल्याकीमची टोपी बघितली. “दोघांच्या डोक्यावर टोपी,” तो म्हणाला. “मग भांडण कशाचं?” आणि टेबलाशी तिसरी रिकामी खुर्ची होती तिच्यावर बसला. एल्याकीम काहीतरी बोलायला उठला, तर तिर्झाने त्याचा हात दाबून त्याला खाली बसवलं.

“वाच,” म्हातारा तिला म्हणाला. तिला! एल्याकीमला नाही. बहुतेक पुस्तक तिच्यापुढे होतं म्हणून.

तिर्झाने वाचलं. दुसऱ्या ओळीशी आली, एल्याकीमने तोंड उघडलं, तिने बोट वर केलं, आणि म्हाताऱ्याने आपला जाडजूड हात पानावर ठेवला.

“बास. पुढे.”

तिर्झाचं बोट हवेतच राहिलं. एल्याकीमचा चेहरा असा पडला की मी घाबरले. म्हटलं, याला चक्कर येतेय. “काय झालं?” म्हातारा म्हणाला.

“गाब्रिएल असंच करायचा,” एल्याकीम म्हणाला. “पुस्तकं जागेवर लावून झाली की रोज इथे येऊन बसायचा. आम्ही अडलो की पानावर हात ठेवायचा. तो गेल्यापासून आम्हाला पुढे जाताच येत नाही.”

म्हाताऱ्याने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने तोंड पुसलं. “माझ्याकडूनच शिकला असणार,” तो म्हणाला. “भाजीच्या गाड्यावर गिऱ्हाईक घासाघीस करत बसलं की मी तराजूवर हात ठेवायचो. चला, पुढे.”

मग वाचन सुरू झालं. मी कामं टाकून तिथेच भिंतीला टेकून उभी. हॉलमध्ये खुर्च्या लावायला कोणीतरी मला हाका मारत होतं, मी ओ दिली नाही. म्हातारा बगदादच्या शाळेत लहानपणी शिकला होता त्या चालीवर मध्येच एखादी ओळ स्वतः म्हणायचा. कबुतर एका घोळक्यातून उडून दुसऱ्यात गेलं, तिथून परत आलं, असं आलं की तो खुदकन हसायचा. “मी गच्चीवर पाळायचो. गाब्री आणि मी. हे लिहिणाऱ्याने कबुतर कधी हातात धरलेलं दिसत नाही.” तिर्झा हसली. एल्याकीमला हसावं की रागवावं कळेना. दोनदा जुंपली, दोनदा पानावर हात आला.

साडेतीन झाले. चार झाले. लोक आले, दारात गर्दी करून उभे राहिले, आत यायला कोणी धजेना. सव्वाचार. खिडकीतलं ऊन भिंतीवर वर वर सरकत होतं आणि माझा जीव टांगणीला. शेवटचा परिच्छेद आला. तिर्झाने श्वास घेतला.

“थांब,” म्हातारा म्हणाला.

ती थांबली.

“हे संपलं की झालं ना?” त्याने विचारलं. “तीस दिवस माणसं त्याच्या नावाने रोज काहीतरी करत होती. आत्ता हे वाचलं की संपलं. मग उद्या सकाळपासून गाब्री कुठेच नाही.” त्याचा आवाज फाटला. “मला नाही संपवायचं.”

दारातल्या लोकांनी माना खाली घातल्या. मी मात्र रडायला लागले. मला चोरून रडता येत नाही, नाक वाजतं.

तिर्झा हळूच म्हणाली, “अबू गाब्री, आम्हालाही नव्हतं संपवायचं. मी या माणसाला सव्वीस दिवस गणितावरून छळलं, आणि आत कुठेतरी मला माहीत होतं.”

“मलाही माहीत होतं,” एल्याकीम म्हणाला. पंधरा वर्षांत दोघांचं पहिल्यांदा काही पटलं असेल तर ते हेच.

भिंतीवरचं ऊन आता छताला टेकलं होतं. मीच नाक पुसलं आणि म्हटलं, “अहो, शब्द दिलाय मी तुम्हाला. मला खोटं पाडू नका.”

म्हाताऱ्याने पुस्तक स्वतःकडे ओढलं. चष्मा नव्हता, तरी वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द, लहान मुलासारखं मोठ्याने. शेवटच्या शब्दावर बोट ठेवून तसाच बसला. मग दोन्ही हातांनी टेबलाचा आधार घेऊन उठला आणि तिथल्या तिथे, हॉलमध्ये न जाता, कद्दिश म्हणायला लागला.

दारातून आमेन आलं. पुरुषांचं, बायकांचं, त्या देव न मानणाऱ्या प्राध्यापकाचं सगळ्यात मोठ्याने. बायकांचा आवाज ऐकून म्हातारा क्षणभर अडला. मला वाटलं, संपलं, आता हा निघून जाणार. तो थांबला, श्वास घेतला, आणि पुढचं आणखी मोठ्याने म्हणाला. कद्दिश झाल्यावरच्या प्रार्थनेत लेकाचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने ते दोनदा घेतलं. तसं करत नाहीत. कोणीही चूक काढली नाही, आणि आमच्या घरात हे आश्चर्यच म्हणायचं.

मग चहा झाला, बाबे झाले, लोक त्याचा हात हातात घेऊन काहीबाही सांगत राहिले. अंधार पडला. मी त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला निघाले, तर तो कोट घालता घालता माझ्या कानाशी आला.

“त्या दुसऱ्या ओळीत,” तो म्हणाला, “बाईचं बरोबर आहे. रब्बीला कबुतरं कळत नाहीत.”

“मग तेव्हाच सांगायचं की!”

“तेव्हा वेळ कुठे होता?” त्याने बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, शेवटचंसुद्धा. “उद्या किती वाजता बसतात ते?”

“नऊला,” मी म्हटलं.

“पावणेनऊला येतो. खुर्ची दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.”