पान एकतीसवरची उपमा

मी एक जुना कथासंग्रह आहे आणि माझ्या लेखकाचा मला मनापासून राग येतो. मित्रांनो, पुस्तकानं असं बोलू नये म्हणतात. गप्प राहून राहून माझं डोकं फिरलं आहे, म्हणून आज ऐकाच.

नागपूरच्या छापखान्यात माझा जन्म झाला. रेल्वेतल्या एका बाबूच्या ट्रंकेतून मी रायपूरला आलो आणि पुरानी बस्तीतल्या मराठी वाचनालयाच्या कपाटात बसलो. सुरुवातीला माझी काय वाहवा! एकतिसाव्या पानावर एका मास्तरांनी लाल शाईनं 'सुंदर उपमा!' असं लिहिलं. मीही फुगलो, गाढव कुठला. पुढे इथली मुलं हिंदीतच बोलू लागली आणि मला कसर लागली.

मग ग्रंथपाल बाबारावांनी वाचनस्पर्धा काढली. पोरं मराठीत हिंदी घुसवतात, म्हणून त्यांचा नियम कडक होता: छापलेला एक शब्द जरी बदलला, तरी बाद. पहिला येईल तो नागपूरच्या स्पर्धेला जाणार.

रुचिताला नागपूरला जायचंच होतं. तिचे वडील शामराव भनपुरीत कारखान्यात कामाला, आई सरला चौबे कॉलनीत चार घरी पोळ्या करते. पोरीचा रंग काळा, वाचणं खणखणीत. पंधरा दिवस तिनं मिळेल ते मोठ्यानं वाचून काढलं. स्पर्धेत तिच्या चिठ्ठीवर निघालो मी, पान एकतीस.

"मालकाची मुलगी मोगऱ्याच्या कळीसारखी होती," तिनं वाचलं आणि ती थांबली. पुढे मोलकरणीची पोर होती. तव्याच्या बुडासारखी काळी, उकिरड्यावरच्या चिंधीसारखी कळकट.

शेजारी बसलेला सौमित्र माझ्या पानात डोकावला. "अरे, ये तो अपनी रुचिता है!"

सगळी पोरं खिदळली. बाबारावही मिशीत हसले. इतक्या वयाचा माणूस, काही लाज?

रुचितानं पुढे वाचलं, "मोलकरणीची पोर काळी होती. तिला भूक लागली होती."

"शब्द गाळले! बाद!" बाबाराव ओरडले.

"शब्द नाही गाळले काका, शिवी गाळली."

परीक्षक मंजिरीबाई समजावू लागल्या. "अगं, उपमा आहे ती. साहित्यात चालतं."

"मग मोगरा त्या पोट्टीले आन् तवा मलेच काहून?"

मंजिरीबाई कागद चाळू लागल्या. बाबाराव म्हणाले, "हे बघ, एक संधी देतो. छापलंय तसं वाच, नाहीतर घरी जा."

मागून सरला उठली. मंजिरीबाईंच्याच घरी तिच्या पोळ्या असतात. "वाचून टाक ना वं," ती काकुळतीनं म्हणाली. "नागपूरले जायचं आहे ना तुले?"

"जायचं आहे, आई. पण हे वाचून नाही."

रुचितानं मला टेबलावर ठेवलं आणि आईचा हात धरून ती निघून गेली. नागपूरला सौमित्र गेला. मला बरोबर नेऊन तीच ओळ त्यानं तिथं हातवारे करून वाचली आणि टाळ्या घेतल्या. त्या टाळ्या मला अजून झोंबतात.

आता बाबारावांनी मला नवं कव्हर घातलं आहे आणि आत शिक्का मारला आहे, 'पुस्तकावर रेघोट्या ओढू नयेत.' मित्रांनो, शहाणी पुस्तकं तुम्हाला हेच सांगतील. त्यांचं ऐका. पण मी हातात आलो तर एकतिसावं पान उघडा आणि मोलकरणीच्या पोरीला दिलेल्या त्या दोन उपमांवर काट मारा. पेन्सिलीनं नको, पेनानं मारा. पान खराब होईल म्हणून भिऊ नका. ते छापलं तेव्हाच खराब झालं होतं.