सात मण सुके लाकूड

मार्तंडराव दिघे पहाटे पाचला उठत. उठल्यानंतरचा त्यांचा क्रम ठरलेला होता आणि गेल्या तीन वर्षांत त्यात खंड पडला नव्हता. विहिरीतून दोन कळशा पाणी शेंदायचे, चूळ भरायची, बंबात करवंट्या आणि नारळाच्या शेंड्या पेटवून द्यायच्या आणि पाणी तापेपर्यंत कंदील घेऊन मागच्या पडवीत जायचे. तिथे दगडी ओट्यावर आंब्याची सात मण ओंडकी रचून ठेवली होती. पाच थर, प्रत्येक थर खालच्या थराला आडवा, म्हणजे मधून वारा खेळता राहावा. मार्तंडराव एकेका ओंडक्यावर बोटाच्या पेराने ठोकून कान देत. सुके लाकूड खणखणते, ओल धरलेले मुके राहते. ज्याची शंका येई ते वरच्या थरात जाई. एक ओंडके तेवढे रचाईबाहेर, भिंतीशी आडवे टाकलेले होते. त्यावर बसून ते तपकिरीची चिमूट ओढत, तोवर बंब खदखदू लागे.

"मामंजी, झाली का हजेरी?" स्वयंपाकघरातून सुनंदा विचारी.

"झाली. सगळे हजर."

"मग चहाला तुम्हीही हजर व्हा. साखर या आठवड्याची संपत आलीय, आज गुळाचा आहे."

हे लाकूड मार्तंडरावांच्या स्वतःच्या चितेसाठी होते. सारी आळी ते जाणून होती आणि दारावरून जाणारा भाजीवालाही "नाना, लाकडं बरी आहेत ना?" असे विचारून हसत असे. मार्तंडरावही हसत. मात्र या गोष्टीला एक मागचा दिवस होता आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. सात वर्षांपूर्वी ऐन आषाढात त्यांची पत्नी जयंती गेली. वखारीतले लाकूड ओले, वरून पाऊस धरलेला. चिता चारदा पेटली आणि चारदा विझली. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा मधुकर दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत तिथे उभा होता. घरी आल्यावर तो आंघोळ करून निजला आणि त्या दिवसाविषयी एक शब्दही बोलला नाही. पुढे पावसाळ्यात कधी चूल धुपू लागली, की तो पुस्तक मिटून अंगणात निघून जाई. मार्तंडरावांनी ते पाहिले होते. कुंपणाजवळचा आंबा वाळला तेव्हा त्यांनी लवू सुताराला बोलावून तो तोडून घेतला. पोराच्या डोक्यावर तो दिवस पुन्हा येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा निश्चय होता.

त्या मंगळवारीही हजेरी झाली, गुळाचा चहा झाला, मधुकर डबा घेऊन विमा कंपनीतल्या नोकरीवर गेला. कार्तिक संपत आला होता, पाऊस केव्हाच सरला होता. तरी हवा अशी कोंदली होती, की सुनंदाने वाळत घातलेले धोतर तासाभरानेही तसेच ओले होते. दहाच्या सुमारास आभाळ तांब्याच्या न घासलेल्या भांड्यासारखे दिसू लागले. ऑफिसे लवकर सोडल्यामुळे मधुकर दोनलाच परतला. तीनला वारा सुटला.

अठ्ठेचाळीस सालचे वादळ मार्तंडरावांनी याच घरात काढले होते. हे त्याच्या तोडीचे आहे, हे त्यांना पहिल्या अर्ध्या तासातच कळले. वाऱ्याने समोरच्या बाजूची कौले पत्त्यांसारखी उचलली. सुनंदा पाच वर्षांच्या उत्तराला घेऊन देवघराच्या कोपऱ्यात बसली, कारण तिथले छप्पर जुन्या सागवानाचे होते. मधुकर घमेली आणि पातेली गळतीखाली लावत होता. मार्तंडराव मात्र माळ्यावरचे ताडपत्रीचे भेंडोळे काढून मागे गेले.

"नाना, घरात पाणी शिरतंय," मधुकर ओरडला, "आणि तुम्ही लाकडं झाकताय?"

काथ्याची दोरी ओट्याखालून घेऊन त्यांनी ताडपत्री आवळली. गाठीवर गाठ मारत असताना कुंपणापलीकडच्या वाटेने त्यांना माणसे जाताना दिसली. खाडीकाठच्या वस्तीतली होती. कोणाच्या डोक्यावर पेटी, कोणाच्या कडेवर मूल. एक म्हातारी दोघांच्या खांद्यांना लोंबकळत चाललेली. सगळी टेकाडावरच्या शाळेकडे निघाली होती. मार्तंडरावांनी त्यांना पाहिले आणि पुढची गाठ मारली. एकूण अकरा गाठी मारल्या.

बुधवारी सकाळी वारा पडला. भुरभुर पाऊस मात्र दिवसभर चालू राहिला. आळीतली सात झाडे आडवी झाली होती, गाड्या बंद होत्या, तारा तुटल्या होत्या. खाडीकाठच्या वस्तीत एकही झोपडी उभी नव्हती. घरावरची फुटलेली कौले काढण्यात आणि राहिलेली सारखी करण्यात मधुकरचा तो दिवस गेला. गुरुवारी पाऊसही थांबला. त्या सकाळी दारात दोन माणसे आली. एक शाळेचे हेडमास्तर विद्याधर गुरुजी. दुसरा लवू. तो मूळचा मालवणकडचा, गिरणीतून कमी झाल्यावर सुतारकाम करून खाडीकाठी राहत असे. त्याच्या कपाळाला चिंधी बांधलेली होती.

गुरुजी ओटीवर टेकले. "नाना, शाळेत पावणेदोनशे माणसं आहेत. वाण्यानं तांदळाची दोन पोती दिली, देवळातून लग्नाची पातेली आली. आणि चूल पेटत नाही. वखारीत कमरेएवढं पाणी होतं, सगळं लाकूड भिजलंय. रॉकेल मिळेना. कालचा सगळा दिवस मुलांनी भिजल्या पोह्यांवर काढला. तुमच्याकडे थोड्या करवंट्या-शेणी असतील तर बघावं म्हणून आलो."

लवू अंगणातच उभा होता. तो घराकडे, विहिरीकडे, मोडलेल्या शेवग्याकडे पाहत होता. मागच्या पडवीच्या दिशेला तेवढी त्याची नजर वळत नव्हती.

"शेणी आहेत, पण ओलसर," सुनंदा चटकन म्हणाली. "करवंट्या देते टोपलीभर. लाकूड मात्र घरात नाही."

मार्तंडरावांनी सुनेकडे पाहिले. ती आपल्यासाठी खोटे बोलत होती. थट्टेतही जिने कधी खोटे सांगितले नव्हते, ती सून.

"लाकूड आहे," ते म्हणाले.

गुरुजींच्या लक्षात आले आणि ते गडबडून उठले. "छे छे, नाना. त्या लाकडांसाठी मी आलो नव्हतो."

"लवू," मार्तंडराव म्हणाले, "तू का नाही सांगितलंस गुरुजींना?"

"नाना, ह्या लाकूड मी माझ्या हातान कापलंय," लवू म्हणाला. "कशाक कापलंय ता माका ठावक आसा. मी कसा मागू?"

कौलांचे उरलेले काम टाकून मधुकर शिडीवरून खाली उतरला. हाताला लागलेला चिखल त्याने पंच्याला पुसला. "नाना, आत या जरा."

आत सुनंदाही आली. मधुकर हळू आवाजात बोलत होता, पण प्रत्येक शब्द तासून काढल्यासारखा होता. "तुमच्या छातीचं गेल्या महिन्यात डॉक्टरांनी काय सांगितलं, ते तुम्हाला माहीत आहे. उद्या काही झालं, तर साऱ्या बोरिवलीत सुकी काटकी मिळणार नाही. मी परत तसा उभा राहणार नाही, नाना. माझ्याच्यानं होणार नाही ते."

सात वर्षांत पहिल्यांदाच तो हे बोलला होता.

"आणि दुसरं म्हणजे," सुनंदा म्हणाली, "एका कामासाठी नेमलेलं लाकूड अन्नाच्या चुलीत कसं घालायचं? त्यांना कळलं तर घास तरी उतरेल का?"

"कळेलच. मी सांगणार आहे."

"मामंजी..."

"लपवून नाही द्यायचं. लपवायची माझी ताकद मंगळवारी संपली." ते मधुकरकडे वळले. "मी गाठी मारत होतो तेव्हा ही माणसं कुंपणाबाहेरून जात होती. मला दिसत होती. त्यातल्या एकालाही मी आत ये म्हटलं नाही, कारण माझे दोन्ही हात दोरीत होते. तुझी भीती खरी आहे, मधू. तुझ्यासाठीच ही लाकडं मी जपली. पण दोनशे माणसं उपाशी असताना ती जपत बसलो, तर तू मला कितीही सुक्या लाकडावर ठेवलंस तरी मी धुपत राहीन."

मधुकर बाहेर गेला. शिडीची पायरी वाजली.

मार्तंडराव पडवीत आले. भिजून आटलेला काथ्या दगडासारखा घट्ट झाला होता आणि गाठी सुटेनात. त्यांनी नखांनी एक गाठ उकलून पाहिली, दुसरी पाहिली आणि मग सुनंदाला हाक मारली. तिने न विचारता कोयता आणून दिला. अकराही गाठी त्यांनी कापल्या. ताडपत्रीखालचे लाकूड कोरडे ठणठणीत होते. सवयीने त्यांनी वरच्या ओंडक्यावर बोट वाजवले. ते खणखणले.

लवूने हातगाडी आणली. पहिली खेप भरताना तो म्हणाला, "रस्त्यावर देसायांचो आंबो पडलोहा, नाना. मी तो तुमका कापून देतंय. पण सुकाक दोन उन्हाळे लागतले."

"मग दोन उन्हाळे जगणं आलं," मार्तंडराव म्हणाले. "बघू, जमवतो."

शाळेच्या मागच्या अंगणात विटांच्या तीन चुली मांडलेल्या होत्या. त्यातून निघालेला धूर भिंतीवर काजळून राहिला होता. लवूची बायको सुलक्षणा डोळे पुसत फुंकणीने फुंकत होती. सुके लाकूड पाहताच बायका उठल्या, मुले धावली. मार्तंडरावांनी हात वर केला.

"आधी ऐका. हे लाकूड मी माझ्या चितेसाठी ठेवलेलं होतं. अजून त्याला विस्तव लागलेला नाही, त्यावर कोणी निजलेलं नाही. तरी तुम्हाला सांगितलं पाहिजे. ज्याला चालणार नाही त्यानं तसं म्हणावं, मला राग येणार नाही."

एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. दोन-तीन पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. मग सुलक्षणाने फुंकणी खाली ठेवली.

"नाना, तुमी जेवतल्यात ह्या चुलीवरचा?"

"पहिलं पान माझं वाढ."

"मग माका काय अडचण नाय," ती म्हणाली आणि गाडीवरचे पहिले ओंडके तिनेच ओढून काढले. लवूने कुऱ्हाड घातली. आंब्याच्या ढलप्या उडाल्या, करवंट्यांवर पेटल्या, आणि तीन दिवसांत प्रथमच त्या अंगणात धूर नसलेली आग दिसली.

भात शिजायला तासभर लागला. मार्तंडराव शाळेच्या पायरीवर बसून राहिले. केळीच्या पानावर भाताची मूद, त्यावर मीठ आणि चिंचेचे सार आले. सगळे पाहत होते. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवले, पाच प्राणाहुती घेतल्या आणि सावकाश, एक शीतही न टाकता पान संपवले. भाताला किंचित आंब्याच्या चिकाचा वास होता. त्यांचे पान उचलले जाण्याआधीच मघाची ती म्हातारी मुलांना पंगतीला बसवत होती.

दुपारी दोनला ते लवूबरोबर दुसऱ्या खेपेसाठी घरी आले, तेव्हा पडवीत कोणीतरी होते. मधुकरने राहिलेल्या थरांपैकी दोन थर फोडून त्यांचे चुलीच्या मापाचे तुकडे केले होते. सदरा काढून खुंटीला अडकवला होता. कुऱ्हाडीची सवय नसल्यामुळे त्याच्या तळहाताला फोड आले होते आणि एकावर सुनंदाने चिंधी गुंडाळली होती. उत्तरा ढलप्या वेचून टोपलीत भरत होती.

"संध्याकाळच्या पातेल्याला अख्खी ओंडकी नको," तो वर न पाहता म्हणाला. "तिथे कुऱ्हाड एकच आहे."

मार्तंडराव भिंतीशी जाऊन आपल्या नेहमीच्या ओंडक्यावर बसले. फोडलेले लाकूड गाडीवर चढत गेले. ओटा रिकामा होत गेला. दगडांवर सालीचा भुगा आणि मुंग्यांची एक रांग एवढेच उरले. लवूने गाडीला दोर टाकला. मधुकरने कपाळ पुसले आणि वडिलांकडे, मग त्यांच्याखालच्या ओंडक्याकडे पाहिले. विचारावे की नाही, हे त्याला कळत नसावे.

मार्तंडराव उठले. ओंडक्याचे एक टोक त्यांनी धरले. मधुकरने दुसरे धरले आणि दोघांनी मिळून ते गाडीवर ठेवले.