यानात कोण रडलं?

"मुबीताई, लालबीचाचींचा आवाज आम्ही एकदम स्वच्छ केलाय," असं सम्राट फोनवर म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. आवाज म्हणजे काय पितळेचं भांडं आहे, चिंच लावून घासायला? पण मी बावळट, खूश झाले. अब्बांना ओरडून सांगितलं, "अब्बा, रविवारी अम्मा ऐकायला मिळणार!"

मी एसटी स्टँडवर कंट्रोलमध्ये असते. माईकवर गाड्या पुकारते. गारगोटी, बिद्री, कुरुंदवाड, दिवसभर घसा फोडते. जुनी माणसं म्हणतात, मुबशिराचा आवाज आईवर गेलाय. गेला असेल. पडताळून बघायला आई होती कुठं? मी नुकती चालायला लागले होते तेव्हा ती काविळीनं गेली. मागं राहिला लग्नातला एक फोटो, त्यात ती खाली बघतेय. आणि राहिली 'ध्रुवापल्याड'. त्या मालिकेची एक व्हिडिओ कॅसेट आमच्या घरात होती, ती महापुरात पंचगंगेनं नेली. तेव्हापासून मी अम्माला ऐकलेलं नाही.

'ध्रुवापल्याड' ही सम्राटच्या वडिलांनी, हंबीररावांनी काढलेली मालिका. टीव्हीवर लागायची तेव्हा रस्ते ओस पडायचे म्हणतात. अंतराळातली गोष्ट, आणि शूटिंग कुठं, तर बिद्रीकडच्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात! यान म्हणजे गूळ आटवायच्या दोन काहिली, एक सुलटी आणि तिच्यावर एक उपडी. ते माझ्या अब्बांचं काम, ते सुतार. यानाची बटणं म्हणजे मोडक्या पेटीच्या पट्ट्या, आणि वेग दाखवणारा काटा दूध डेअरीच्या वजनकाट्याचा. अम्मा शिवणकाम करायची. लग्नातल्या बँडवाल्यांचे जुने चकचकीत डगले उसवून तिनं अंतराळवीरांचे कपडे शिवले. त्या काळी पैसा नव्हता, पण लाजही नव्हती, आणि म्हणूनच ते यान उडालं.

यानाला स्वतःचा आवाज होता. सगळे त्याला आक्का म्हणायचे. आक्काचा आवाज द्यायला पुण्याहून येणाऱ्या बाई आल्याच नाहीत, तेव्हा हंबीरराव डगल्याला बटण लावत बसलेल्या अम्माला म्हणाले, "लालबी, ऊठ. तू बोल." यंत्राचा आवाज वाटावा म्हणून तिच्यापुढं तांब्याचा रिकामा हंडा धरला आणि ती त्यात तोंड घालून बोलली. मी मांडीवर होते. खाली ठेवलं की मी गुऱ्हाळ डोक्यावर घ्यायची, म्हणून मांडीवर. सगळ्यांना मिळून माईक एकच. आक्का म्हणाली, "दार लावा. भाईर हवा न्हाय." आणि त्याच वेळी मी रडले. टेप तेवढीच शिल्लक होती, सकाळच्या गाडीनं मुंबईला जायची होती. तशीच गेली.

भाग लागला आणि लोक विचारायला लागले, यानात रडलं कोण? पानपट्टीवर, गिरणीत, एसटीत तेच. दुसरा कुणी असता तर चूक झाली म्हणून गप्प बसला असता. हंबीररावांनी पुढची सगळी गोष्टच बदलली. यानात एक बाळ लपलंय, ते कुणालाच माहीत नाही, फक्त आक्काला माहीत आहे. सगळी मालिका मग त्या बाळाभोवती फिरली. दुसऱ्या भागासाठी मी वेळेवर रडावं म्हणून कुणीतरी मला चिमटा काढायला निघालं, तर अम्मा उसळली. "पोरीला हात लावायचा न्हाय. तिला रडायचं तवा ती रडंल." मग सगळं युनिट टेप तयार ठेवून, श्वास रोखून माझ्या रडण्याची वाट बघत बसलं. अब्बा ही गोष्ट सांगताना अजून हसतात.

म्हणजे ते हसायचे. रविवारपर्यंत.

रविवारी सकाळी हॉल भरला होता. शुक्रवारी ही मालिका मोबाईलवर जगभर दिसणार होती, आणि त्याआधी कोल्हापुरात पहिले दोन भाग दाखवणार होते. अब्बांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, अत्तर लावलं होतं. गुडघे दुखत होते तरी पहिल्या रांगेत ताठ बसले. पडद्यावर काहील आली, झगमगली, आणि त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "बग! खिळा तरी दिसतोय का कुठं?"

मग आक्का बोलली. "दार लावा. भाईर हवा न्हाय."

शब्द तेच, पण बाई कोण होती? हंड्याचा घुमारा गेला होता. तिच्या बांगड्यांची किणकिण गेली होती. बोलण्याआधी अम्मा एक श्वास घ्यायची, शिवणकाम करणाऱ्या बाईसारखा, तोंडात सुई धरल्यासारखा, तो गेला होता. बँकेत फोन लावला की 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारी जी बाई असते ना, ती यानात बसली होती. आणि मी कुठंच नव्हते. आक्का बोलली आणि पुढं नुसती शांतता.

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. "ही कोण?"

दुसरा भाग सुरू झाला. यान काळोखातून चाललंय. एकदम सगळे अंतराळवीर दचकतात. कप्तानाच्या हातातलं भांडं पडतं. तो घाबरून चौफेर बघतो आणि विचारतो, "कोण रडलं?" तो विचारतो खरा, पण कुणी रडलेलंच नाही! हॉलमध्ये चिडीचूप. पडद्यावरची माणसं घाबरलीत, बाकं उचकटून बाळ शोधतायत, एकजण कपाळावरचा घाम पुसतोय. आधी एकजण फिसकन हसला, मग सगळा हॉल हसला. माझ्या आईच्या कामाला, माझ्या बापाच्या यानाला लोक खिदळत होते.

अब्बा उभे राहिले. गुडघे विसरून उभे राहिले. "हसता काय रं? मुबी रडली हुती! माझी पोर रडली हुती!" मागून कुणीतरी म्हणालं, "ओ पावणं, खाली बसा, दिसंना झालंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मध्यंतर होताच मी सम्राटला वड्याच्या टेबलाशी गाठला. हातात वडा, छातीवर बिल्ला.

"माझी आई कुठं हाय?"

"म्हणजे? आवाज आहे की, ताई. उलट केवढा क्लिअर—"

"ती माझी आई न्हाय. आणि मी कुठं हाय? बाळ कुठं हाय?"

"अहो, खूप नॉइज होता. भांड्याचा, बांगड्यांचा, पोराबाळाचा. मशीननं काढला सगळा. मोबाईलवर दाखवणाऱ्या कंपनीची तशी अटच होती."

"तो नॉइज म्हंजे मी!" मी ओरडले. स्टँडवरचा आवाज आहे माझा, माईक लागत नाही. हातातले वडे हातात राहिले लोकांच्या. "सगळी मालिका त्या नॉइजवर उभी हाय. तू बघितलास का एकदा तरी दुसरा भाग? बापाची मालिका इकताना एकदा तरी बघितलीस?"

त्यानं खाली बघितलं. "ट्रेलर बघितला."

ट्रेलर! हंबीररावांनी एका चुकीतून सगळं आकाश उभं केलं, आणि पोरानं ते धुऊन, पिळून, वाळत घातलं. त्या क्षणी मी त्याच्या कानाखाली मारली नाही, ते फक्त अब्बा शेजारी होते म्हणून.

"मूळ टेप आण," मी म्हटलं.

"बुरशी आली होती त्यांना, ताई. कॉपी करतानाच तुटल्या. त्या कॉपीवरच सफाई केली, आता आहे ते हेच. शुक्रवारी हेच जाईल." आणि मग वडा खाली ठेवून हळूच म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं."

म्हणजे संपलंच होतं. आता जगात कुणीही आक्काला ऐकलं तर ती बँकेतली बाईच ऐकणार. अब्बा भिंतीला धरून उभे होते. एवढी वर्षं तो माणूस एकटा राहिला, दुसरं लग्न केलं नाही, आणि कॅसेट होती तोवर दर ईदला ती लावून डोळे मिटून बसायचा. आता कशापुढं बसणार होता?

"काढलेलं मी टाकलेलं नाही," शेजारून एक बाई म्हणाली. ती अनुजा, पुण्याची, आवाजाची साफसफाई करणारी. तिचा चेहरा उतरला होता. "आम्ही जे काढतो ते वेगळं ठेवतो. चुकून शब्द गेलेत का ते तपासायला. 'कचरा' नावानं ठेवलंय. पण ऐकायला वेळच दिला नाही हो कुणी. आणि मी मागितलाही नाही."

"कचरा," अब्बा म्हणाले. "आन बाई तुझा कचरा."

तिनं लॅपटॉप उघडला, हेडफोन अब्बांच्या कानाला लावला आणि दुसऱ्या भागाचा तो तुकडा सुरू केला. मी बघत होते. अब्बांचं तोंड आधी रागानं घट्ट होतं. मग सैल झालं. मग ते रडायला लागले, सगळ्यांसमोर, पुसलंसुद्धा नाही.

"काय हाय, अब्बा?"

त्यांनी मला हेडफोन दिला नाही. सम्राटची कॉलर धरली, त्या वयात. "हे लाव. पडद्यावर. आत्ता. जे काढलंयस ते परत घाल."

"चाचा, लोकांना पुढचा कार्यक्रम—"

"लाव!" मी म्हटलं. "न्हायतर उद्यापासनं दर गाडीमागं स्टँडवरनं तुझं नाव पुकारीन. हंबीररावांचं यान भंगारात घालणारा सम्राट कुठं असंल तिथनं यावा."

अनुजानं त्याला विचारलंसुद्धा नाही. ती सरळ मशीनपाशी गेली. साफ केलेला आवाज आणि त्याचा कचरा, दोन्ही एकमेकांवर चढवले की मूळ आवाज होतो, म्हणाली. वरचं संगीत टेपवर वेगळं होतं, ते तिनं बंद ठेवलं.

लोक वडे संपवत, कुरकुरत आत आले. परत तेच दाखवताय होय, असं कुणीतरी म्हणालं. दिवे गेले. यान काळोखातून चाललं. आणि हॉलभर हंड्याचा तो घुमारा पसरला, खोल, छातीत लागणारा. बांगड्या किणकिणल्या. मग मी रडले. एवढीशी मी, भुकेनं की झोपेनं कोण जाणे, पण खरीखुरी रडले. कप्तानाच्या हातातलं भांडं पडलं.

"कोण रडलं?"

कुणी हसलं नाही. आणि त्याच्या शब्दांच्या मागून, माईकपासून तोंड वळवून, जे इतकी वर्षं संगीताखाली गाडलेलं होतं ते अम्मा बोलली. आक्का नव्हे. अम्मा. तोंडात सुई धरल्यासारखी, हलक्या आवाजात.

"मुबी, गप गं. हाय की मी."

अब्बांनी माझा हात इतका दाबला की बोटं दुखली. तिनं मला हाक मारलेली मी कधीच ऐकली नव्हती. आणि हे त्यांनी कचरा म्हणून काढलं होतं.

सम्राट अंधारात वाकून माझ्या खुर्चीपाशी आला. "मुबीताई, शुक्रवारी हेच जाईल. कंपनीला मी सांगतो की—"

"गप," मी म्हटलं. "अम्मा बोलतीया."