जिवंत माणसांची मोजदाद

"घरात माणसं किती?" मोबाइल टॉवर कंपनीच्या साहेबाने विचारलं.

"आहेत थोडीफार," लोसिके आजोबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी असेकोन, या वस्तीच्या दवाखान्यातली नर्स. मागच्या खेपेलाही आजोबांनी हेच सांगितलं होतं, आणि वस्तीतल्या एकूण एक बाईनेही. आम्हा केनियातल्या तुर्काना लोकांत जिवंत माणूस मोजत नाहीत. मोजलं की मरणाची नजर लागते. साहेबाने 'थोडीफार' ऐकलं आणि टॉवर गेला डांबरी रस्त्यावरच्या बाजारगावी, जिथे एक आधीच उभा होता! आमची रेंज टेकडीच्या माथ्यावर, तीही लहर लागली तर. आजोबांची सून अकिरू बाळंतपणात रक्त जाऊन मेली, तेव्हा मी त्याच माथ्यावर फोन उंच धरून अँब्युलन्ससाठी ओरडत होते.

"आजोबा, या वेळी तरी खरं सांगा."

"पोरी, माझ्या तोंडाने नातवंडं मोजू? उद्या एखादं गेलं म्हणजे?"

"अकिरूला कुणी मोजलं होतं? न मोजताच गेली ना!"

आजोबा काठी टेकत उठले आणि झोपडी-झोपडीतून सगळ्यांना बाहेर बोलावलं. उन्हात रांग लागली. शेवटी अकिरूची तान्ही मुलगी, थोरल्या बहिणीच्या कडेवर.

"मोज," ते साहेबाला म्हणाले आणि पाठ फिरवून डोळे मिटून उभे राहिले.

साहेब बोट नाचवत मोजत गेला. बायकांनी पोरांची तोंडं हातांनी झाकून घेतली.

"बरीच आहात की!" तो म्हणाला. मला आशा वाटली. मग त्याने नकाशा उघडला. "पण फारच पांगून राहता हो. एका टॉवरखाली पुरेशी माणसं यायला हवीत. जरा जवळ जवळ राहायला काय होतं?"

"आणि बकऱ्यांनी काय खायचं, तुमचा टॉवर?" मी ओरडलेच. "चारा पांगलेला, म्हणून आम्ही पांगलेले. दाटीने राहणाऱ्या बायकांचंच रक्त जातं होय?"

"माझ्या हातात नाही, सिस्टर. वरून ठरतं."

वरून! तो गाडीत बसून निघून गेला. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आम्ही. माणसं मोजायला लावली आणि मोजून नापास केली.

आजोबांनी डोळे उघडले. "मिळणार?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी तंबाखूची गोळी तोंडात टाकली आणि मोजल्याची नजर उतरवायला रांगेतल्या एकेकाच्या कपाळाला थुंकीचं बोट लावत निघाले. पोरं खुदखुदत होती. तान्हीपाशी आल्यावर त्यांनी दोनदा बोट लावलं. दुसऱ्या वेळी ते अकिरूचं नाव पुटपुटले.