कागदाच्या हौदातलं खत

रविवार म्हणजे जुन्नरचा बाजार. सगळं गाव तिकडं लोटलेलं, आणि हाजराबी मात्र पदर खोचून परसातल्या हौदात उतरलेली. हौद कागदाचा. याच हौदात तिच्या नवऱ्यानं, नवाबनं, तीस वर्षं तागाचा लगदा ढवळला आणि त्यातून पांढरेशुभ्र ताव उचलले. गिरणीचा स्वस्त कागद आला, धंदा बसला, आणि दोन वर्षांमागं नवाबही गेला. मागं राहिलं ते परस, आणि तेही कसलं? लगद्यातलं चुन्याचं पाणी वर्षानुवर्षं तिथंच ओतलेलं. माती भाजून पांढरी पडलेली. गवताची काडी उगवेल तर शपथ!

धाकटा दीर तय्यब ते परस विकायला निघाला होता. नारायणगावच्या हौशीरामला बैलगाड्या उभ्या करायला जागा हवी होती. हाजराबीनं अंगठा उठवला की काम झालं. मग तिनं दिराच्या घरी जायचं, चुलीपाशी बसायचं, मिळेल ते खायचं. आज दुपारी तय्यब गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

अंगठा द्यायचा नाही, मातीच जिवंत करायची, असं बाईनं मनाशी पक्कं केलेलं. चार महिने तिनं खतासाठी शेण, राख, पालापाचोळा पाटी पाटीनं आणून हौदात टाकला. पण घोळ घातलाच! हौद पाणी धरायला बांधलेला. पावसाचं पाणी जाणार कुठं? आश्विन लागला तरी सगळा नुसता चिखल, आणि वास असा की शेजारीण नाक धरून शिव्या घालायची.

डोंगरातली ठकूबाई हिरडा विकायला बाजाराला निघाली होती. ती दारात थांबली आणि हसली. "लई वलं झालंय, बाय. वाळलं कायतरी घाल, न्हाईतर सडंल नुसतं. आणि पानी भाईर काढ आधी."

वाळलं आणायचं कुठून? हाजराबीची नजर माळ्याकडं गेली. तिथं नवाबच्या हातचे न खपलेले कोरे गठ्ठे होते. या घरात कागदाला चुकून पाय लागला तरी उचलून डोळ्यांना लावायचे. हाजराबी माळ्याखाली बराच वेळ उभी राहिली. रडलीसुद्धा. मग तिनं शिडी लावली.

तय्यब हौशीरामला घेऊन आला तेव्हा ती ताव फाडून शेणात मिसळत होती.

"या अल्ला! भाईच्या हातचा कागद! भाभी, डोकं फिरलं काय तुमचं?"

"फिरलं."

"उद्या मागणी आली तर? पुन्हा हौद चालू झाला तर?"

हाजराबी कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "कुठला हौद, तय्यब? ज्याच्यावर गाड्या उभ्या करायला ह्या पावण्याला आणलंस, तोच ना? कागदाची एवढी माया, मग हौद विकताना ती कुठं गेली व्हती?"

हौशीराम आधीच वासानं हैराण झालेला. "घरातलं मिटवा राव, मग बोलवा," म्हणून त्यानं वाट धरली.

"म्हणजे अंगठा देणार न्हाई?" तय्यब म्हणाला.

"न्हाई."

"आणि या चुन्यात यंदा पिकवणार काय?"

"यंदा काय बी न्हाई. पुढल्या साली बी न्हाई. तीन वरसं तरी लागतील."

"तोवर खाणार काय?"

"लोकांच्या गोधड्या शिवीन. तुझ्या चुलीपाशी मिंधी होऊन खाण्यापरीस बरं."

एवढं बोलून ती हौदाबाहेर आली आणि भिंतीला टेकवलेली पहार तिनं उचलली. पाणी काढायचं तर हौदाची भिंत फोडणं आलं. पहिल्या घावाला चुन्याचा पोपडा उडाला.

"भाभी, थांबा! तो हौद अब्बांनी बांधलाय!"

"ठाऊक हाय. म्हणून तर हात जड झालाय," हाजराबी म्हणाली आणि तिनं दुसरा घाव घातला.