लिंबोणीखालचं पाणी

प्रेमलतानं बादली परसातल्या लिंबोणीच्या बुंध्याशी ओतली आणि दुसरी भरायला विहिरीकडे वळली. तिचा नवरा मधू खांद्यावर राजेळी केळ्यांचा घड घेऊन येत होता. तो थबकला.

"कालच तर पंप लावला होता. आणखी कशाला?"

"करपतेय ती. पानांच्या कडा बघा."

"रोग असेल कसला तरी," म्हणत मधूनं नजर फिरवली आणि घड ओटीवर उतरवला.

असा घड उचलणं त्याला चार वर्षांपूर्वी जमत नव्हतं. डोक्यातल्या कुठल्याशा ग्रंथीचं ऑपरेशन झालं आणि अंगातला पुरुषी हार्मोनच आटला. दाढी विरळ झाली, ताकद गेली. निर्मळ गावच्या वाडीत उभा जन्म राबलेला माणूस भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहू लागला. मग डॉक्टर हर्षवर्धननी इंजेक्शनं सुरू केली. गिरीजहून पॉलिन सिस्टर स्कूटरवरून घरी येऊन थट्टामस्करी करत सुई देऊन जायची. वर्षाच्या आत मधू आरशासमोर शीळ घालत दाढी करू लागला. एका संध्याकाळी त्यानं न सांगता मोगऱ्याचा गजरा आणला. पन्नाशीच्या बाईनं इतकं सुखावून जावं का, असं प्रेमलताला वाटलं, आणि तरी ती सुखावलीच.

डॉक्टरांची अट मात्र होती. हे औषध चालू असताना प्रोस्टेट ग्रंथीवर नजर ठेवावी लागते. दरवर्षी रक्त तपासायचं, बोट घालून ती ग्रंथी चाचपू द्यायची आणि लघवीचा जरासा त्रास झाला तरी लगेच सांगायचं. त्रास असेल, तर छडा लागेपर्यंत सुई बंद. पहिल्या वर्षी मधू निमूट गेला. पुढं त्याला कधी केळी उतरवायची असत, कधी लग्नकार्य असे. मुंबईत तपासून घेतलं, असंही त्यानं पॉलिनला बिनदिक्कत ठोकून दिलं.

अखेर पॉलिननंच पिशवी उघडायचं नाकारलं.

"मधूभाऊ, डॉक्टरांनी बघितल्याशिवाय आता सुई नाय. माझ्यावर रागवा पायजे तर."

म्हणून दोघं वसईला दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी आत नेऊन तपासलं, हात धुतले, रक्ताचा आकडा पुन्हा पाहिला.

"प्रोस्टेट कडक लागतेय. तुकडा काढून तपासावा लागेल. लघवीला त्रास कधीपासून?"

"तसा काही नाही. हल्ली जरा, महिनाभर."

मधू निर्धास्त होता. घरात संडास असला तरी वाडीतले पुरुष रात्री उठले की मागच्या दारानं झाडाखालीच जातात. प्रेमलता आतल्या खोलीत निजायची. तिला काय कळणार?

डॉक्टर तिच्याकडे वळले. "वहिनी?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"गेल्या गणपतीपासून. पुन्हा पुन्हा उठतात. लिंबोणीखाली जातात."

मधू तिच्याकडे बघत राहिला. "तुला माहीत होतं?"

"लघवीनं करपत होती ती. झाड जगावं म्हणून पाणी ओतत होते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"सुई बंद झाली असती. तुम्ही परत भिंतीकडे तोंड केलं असतंत."

डॉक्टर हळू म्हणाले, "इंजेक्शनानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण असलं काही आत असेल, तर त्याला आपण खतपाणी घालत होतो."

तपासणीत कॅन्सरच निघाला, आणि तो हाडांपर्यंत गेला होता. सुई कायमची बंद झाली. पुढं लघवी तुंबली आणि नळी घालावी लागली. खाटेच्या दांडीला पिशवी लटकली. मधूची दाढी पुन्हा विरळ झाली. पॉलिन आता नळी बघायला यायची, पण पूर्वीसारखी थट्टा करत नसे.

उन्हाळा संपता संपता प्रेमलता एका सकाळी पिशवी रिकामी करून आली, तेव्हा मधूचा चेहरा भिंतीकडे नव्हता. तो खिडकीतून परसात बघत होता. लिंबोणीला शेंड्यापासून बुंध्यापर्यंत कोवळी पालवी फुटली होती.

"सावरली की गं ती," तो म्हणाला.

प्रेमलतानं पिशवी दांडीला अडकवली आणि खिडकी लावून घेतली.